तहकूब सभा आणि एका रात्रीचं पाणी

पणदऱ्याला कऱ्हा लागत नाही. बारामतीच्या पश्चिमेला, नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव नीरा डाव्या कालव्याचं. इथली पाण्याची बोलणी आवर्तनाची, पाळीची आणि पाटकऱ्याच्या मर्जीची. कऱ्हा म्हणजे पलीकडच्या जिरायत पट्ट्यातली नदी, बहुतेक वर्षं वाळू आणि चिलारीचं पात्र. त्यामुळे २६ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ‘कऱ्हा बारामतीत घुसली’ ही बातमी आली तेव्हा बागायत पट्ट्यात ती खरी वाटायलाच वेळ लागला.

हे पाणी कुठून आलं ते समजायला नकाशा उलगडावा लागतो. पुण्याच्या दक्षिणेला कात्रज, बोपदेव आणि दिवे घाटाची डोंगररांग आहे. तिच्या पुण्याकडच्या उतारावर कात्रजला आंबिल ओढा सुरू होतो आणि शहरातून मुठेला मिळतो. घाट ओलांडून खेड-शिवापूरकडे उतरलं की पाणी शिवगंगेतून गुंजवणीत, तिथून नीरेत. सासवडच्या बाजूला गराड्याच्या डोंगरात कऱ्हा उगम पावते. ती सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत सोनगावला नीरेत शिरते. एकच ढग या रांगेवर फुटला तर पाण्याला तीन वाटा. आणि तिन्ही वाटांचा शेवट एकच, इंदापूर तालुक्यातलं नीरा-नरसिंहपूर, जिथे नीरा भीमेला मिळते. मुठेचं पाणीही उजनी धरणामार्गे तिथेच येतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तिन्ही वाटांनी एकाच वेळी पूर आला. पुणे शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. त्या रात्रीचे तास वर्तमानपत्रांनी मोजले. मला मोजायचे आहेत ते आधीचे तास, जे सभागृहांत, फायलींत आणि खातेवाटपात गेले. पाणी घरात शिरण्याची वेळ जागेगणिक वेगळी होती. हिशेबासाठी रात्रीचे १० हा शून्य तास धरतो.

उरले सुमारे १७,००० तास

ऑक्टोबर २०१७. पुणे महापालिकेच्या हद्दीत ११ गावं येतात. त्यांत आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, म्हणजे कात्रजचा शेजार. पण कात्रज तलावाच्या वरच्या अंगाची भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, मांगडेवाडी बाहेरच राहतात. ती आत यायला जून २०२१ उजाडणार आहे. थोडक्यात, ओढ्याचं डोकं ग्रामपंचायतीत आणि धड महापालिकेत. डोंगर फोडायची परवानगी मागायला जायचं एका दारात, फुटलेल्या डोंगराचं पाणी उतरणार दुसऱ्याच्या दारात. ग्रामपंचायतीला ओढ्याच्या खालच्या टोकाशी काही देणंघेणं असण्याचं कायद्याने कारण नाही, आणि महापालिकेला हद्दीबाहेर सहजासहजी खर्च करता येत नाही. इथे कुणी नियम मोडला असं म्हणायलाही जागा नाही.

या ओढ्याशी पूर्वी असा खेळ झालाच नव्हता असं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, गावातून वाहणारा आंबिल ओढा पर्वतीकडे वळवला गेला, त्यावर तळं बांधलं गेलं. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. कात्रजचा तलाव आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत आलेला नळही त्याच काळातला. फरक एवढाच की तेव्हा ओढ्याचा उगम, तलाव, नळ आणि शहर हे सगळं एकाच खजिन्यातून चालत होतं.

उरले ८,७०० तास

२७ सप्टेंबर २०१८, सकाळी ११ च्या सुमारास पर्वतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटते. हे पाणी खडकवासल्याहून दौंड-इंदापूरच्या शेतांसाठी निघालेलं असतं. ते दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरतं आणि शेकडो घरांचं नुकसान करतं. घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी कालवा पोखरला, असं तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन सांगतात. कालवा जलसंपदा खात्याचा, वस्ती महापालिकेची, कालव्यालगतच्या केबल आणखी कुणाच्या. महिनाभर एकमेकांकडे बोटं दाखवण्यात जातो.

दांडेकर पुलाखालून आंबिल ओढा जातो हे तेव्हा कुणाच्या चर्चेत नव्हतं. पाणी कालव्याचं होतं ना! बरोबर ३६३ दिवसांनी त्याच वस्तीत दुसरं पाणी शिरलं.

उरले ७,९०० तास

३१ ऑक्टोबर २०१८. राज्य सरकार १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करतं. यादीत पुरंदर, बारामती, इंदापूर तिन्ही. कऱ्हा कोरडी, जेजुरीजवळचं नाझरे धरण तळाला. जिरायत भागात टँकर आणि चारा छावण्या. अशा वर्षी बारामती नगरपरिषदेत कुणी उठून ‘कऱ्हेच्या पुराचं काय’ म्हटलं असतं तर लोक हसले असते. निधी मागायचा तो पाण्यासाठी. पाण्यापासून वाचण्यासाठी मागायला तोंड नसतं.

उरले ४,२७० तास

१ एप्रिल २०१९. महापालिकेचं नवं अर्थसंकल्पी वर्ष सुरू. सहा हजार कोटींच्या वरचं अंदाजपत्रक. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा डाव या पुस्तकात आहे.

१९४९ च्या महापालिका कायद्याप्रमाणे अंदाजपत्रक आधी आयुक्त मांडतात. मग ते १६ जणांच्या स्थायी समितीकडे जातं. तिथे ते फुगतं. जमेच्या बाजूला आशावाद चढतो आणि खर्चाच्या बाजूला प्रत्येक प्रभागाची कामं. मग मुख्य सभा. पुण्यात तेव्हा १६२ निवडून आलेले नगरसेवक होते. या पुस्तकात एक ‘स’ यादी असते, नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या किरकोळ कामांची. पदपथाचे ब्लॉक, बाकडी, नामफलक, कमानी. एके काळी कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्यासुद्धा. या कामांना दारात दिसण्याचा गुण आहे. नालेसफाईला तो नाही. साफ केलेला नाला आणि न केलेला नाला एप्रिलमध्ये सारखेच कोरडे दिसतात.

त्याहून मजेशीर प्रकार वर्गीकरणाचा. पुण्यात हा शब्द पालिकेच्या वाऱ्याला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कळतो. एका कामासाठी ठेवलेले पैसे खर्च झाले नाहीत, तर ते दुसऱ्या कामाकडे वळवायचा प्रस्ताव म्हणजे वर्गीकरण. कायदेशीर आहे, आणि तत्त्वतः शहाणपणाचंही. पण पैसा कोणत्या खात्यातून निघतो ते पाहावं. मोठ्या, लांबलेल्या, भूसंपादनात अडकलेल्या कामांतून निघतो. ओढ्याची रुंदी वाढवणं, कल्व्हर्ट मोठे करणं, सीमाभिंत बांधणं ही कामं स्वभावानेच लांबणारी. मोजणी हवी, अतिक्रमण काढायला हवं, कुणीतरी न्यायालयात जाणार. वर्ष संपत येतं, निधी पडून असतो, आणि तो पडून असणं हेच तो पळवायचं कारण ठरतं.

मुख्य सभेत हे सगळं किती शांतपणे होतं! नगरसचिव विषय क्रमांक पुकारतात, कुणीतरी उपसूचना वाचतं, अनुमोदन येतं, महापौर ‘मंजूर’ म्हणतात. वाद होतो तो पुतळ्यावर किंवा नावावर. ओढ्याच्या पात्रातला दोन मीटरचा फरक अशा सभेत भाषण करण्याजोगा विषयच नाही.

उरले २,८०० तास

३१ मे २०१९ ची मुदत संपलेली असते. पावसाळापूर्व कामं दरवर्षी या तारखेला ‘पूर्ण’ होतात. गाळ काढला म्हणजे काठावर टाकला, आणि पहिल्या सरीत तो परत पात्रात गेला, हा पुणेकरांचा जुना विनोद आहे. नद्यांना निळी आणि लाल पूररेषा असते. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. सगळ्यांचं लक्ष मुठेच्या या रेषांकडे, आणि खडकवासल्यातून किती सोडलं या आकड्याकडे. ओढ्याला धरण नाही, विसर्गाचा आकडा नाही, इशारा देणारं कुणी नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये इकडे नीरेच्या पट्ट्यात वेगळाच निर्णय होतो. नीरा देवघर धरणाचं जे पाणी डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरला मिळत होतं, ते बंद करून उजव्या कालव्याकडे, फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे वळवायचा आदेश निघतो. पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंत सगळा कालवापट्टा त्याच विषयावर पेटतो. हा आदेश सात-आठ महिन्यांनी, सरकार बदलल्यावर, फिरवला गेला. पण त्या पावसाळ्यात पाण्याबद्दल रागवायला एवढं एकच कारण पुरेसं होतं.

उरले १,२०० तास

ऑगस्टचा पहिला आठवडा. मुठेला पूर, भिडे पूल पाण्याखाली, नदीकाठची हजारो माणसं हलवली. वीर धरणाच्या विसर्गाने नीराकाठच्या गावांत पाणी. कोल्हापूर-सांगलीत तर हाहाकार. पावसाळ्याचा मोठा प्रसंग झाला आणि निभावला, असं सगळ्यांना वाटलं. धरणांच्या पुराला यंत्रणा सज्ज आहे हे दिसलं, आणि ते खरंही होतं.

उरले १०६ तास

२१ सप्टेंबर २०१९, दुपारी १२. निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद. विधानसभेसाठी २१ ऑक्टोबरला मतदान. त्या क्षणापासून आचारसंहिता. नवं काम नाही, नवा कार्यादेश नाही, भूमिपूजन नाही. आपत्तीत खर्च करायला आयुक्तांकडे महापालिका कायद्याचं कलम ६७ (३) (क) आहे, ते आचारसंहितेतही चालतं. पण आपत्ती यायच्या आधी त्याचा उपयोग नाही. मुख्य सभा या काळात भरते, श्रद्धांजली वाहते आणि तहकूब होते, असा पुण्याचा शिरस्ता. आजी-माजी पदाधिकाऱ्यांपैकी कोणाला तिकीट मिळतं यापलीकडे पालिकेच्या आवारात तेव्हा बातमी नव्हती.

खरं सांगायचं तर त्या १०६ तासांत सभा झाली असती तरी ओढ्याचं काही बदललं नसतं. आचारसंहितेला दोष देणं सोपं आहे, म्हणून तो अनेकांनी दिला.

उरले १४ तास

२५ सप्टेंबर, बुधवार, सकाळ. बारामती बंद. आदल्या दिवशी राज्य सहकारी बँक प्रकरणात ईडीने शरद पवार आणि अजित पवार यांची नावं घेतलेली. दुकानं बंद, घोषणा, मुंबईकडे डोळे. आभाळाकडे बघायला त्या दिवशी बारामतीत कुणाला सवड नव्हती. महिनाअखेर पावसाळ्याचे चार महिने कागदावर संपणार होते. प्रत्यक्षात त्या वर्षी देशातून मोसमी पावसाची माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली, तोपर्यंतच्या नोंदींत सर्वांत उशिरा.

उरला १ तास

रात्री ९ च्या सुमारास कात्रज, आंबेगाव, धनकवडी आणि मागच्या डोंगरावर पावसाने जोर धरला. जमीन आधीच भिजून गच्च होती. नव्या थेंबाला मुरायला जागा नव्हती. कात्रजचे तलाव भरलेले, सांडवे वाहते. डोंगरापासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याची लांबी काही कोसांचीच, उतार भरपूर. पाऊस पडणं आणि पूर येणं यांत तासाचंही अंतर नव्हतं.

शून्य

लेक टाउन, गुरुराज सोसायटी, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल. ओढा ज्या क्रमाने उतरतो त्या क्रमाने ही नावं घ्यावीत. सोसायट्यांच्या तळमजल्यांवर पाणी छातीला लागलं. वाहनतळातल्या गाड्या उचलल्या जाऊन एकमेकींवर चढल्या. ओढ्यालगतच्या सीमाभिंती पाण्याला थोपवण्यासाठी होत्या. त्यांनी आधी पाणी अडवलं आणि मग एकदम सोडलं. कल्व्हर्टच्या तोंडाशी झाडं, गाळ, गाद्या, गोठ्यांतली जनावरं अडकून बांध तयार झाले, आणि ते फुटले की खालच्या वस्तीत पाण्याची भिंतच आली. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून पाच जण गेले. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा होता.

जी माणसं वाचली ती बहुतेक शेजाऱ्यांच्या दोरीने, शिडीने, वरच्या मजल्यावरून सोडलेल्या साडीने. अग्निशमन दलाचे जवान रात्रभर पाण्यात होते, पण रस्तेच ओढे झाले होते, पोचणार कसे?

अधिक २ तास

मध्यरात्र. डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, खेड-शिवापूरला, दर्ग्यात झोपलेली पाच माणसं वाहून गेली. तिसऱ्या बाजूला सासवडमध्ये कऱ्हा पात्र सोडून निघाली.

अधिक ६ तास

पहाट. नाझरे धरणातून ८० हजार क्युसेकच्या वर विसर्ग. या आकड्याचा अर्थ असा. नाझऱ्याची क्षमता पाऊण टीएमसीच्या आसपास. त्या वेगाने अख्खं धरण साधारण अडीच तासांत रिकामं व्हावं. म्हणजे धरण काही अडवत नव्हतंच. वरून येईल ते खाली देत होतं. वर्षभरापूर्वी तळ दाखवणाऱ्या धरणाची ही गत.

पण इथे एक गोष्ट बारामतीच्या बाजूने होती. जेजुरीपासून बारामतीपर्यंत कऱ्हेला मोरगाव, आंबी, कऱ्हावागज, अंजनगाव अशी वळणं घेत यावं लागतं. त्या वाटेने तास मिळाले. महसूल, पोलीस, नगरपरिषद यांनी रात्रीच नदीकाठ उठवला. ध्वनिक्षेपक फिरले, शाळा-मंगल कार्यालयं उघडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पुण्याबरोबर बारामतीलाही आल्या. शहर आणि काठच्या गावांतून हजारो लोक पाणी यायच्या आत हलवले गेले. धरणावर आकडा होता, आकड्याला ऐकणारा माणूस होता, आणि मध्ये अंतर होतं. आंबिल ओढ्यावर यांतलं एकही नव्हतं. १८६५ पासूनची छोटी नगरपरिषद जे करू शकली ते सहा हजार कोटींच्या महापालिकेला जमलं नाही, असं म्हणायचा मोह होतो. तो मी आवरतो. बारामतीला नदीने वेळ दिला, पुण्याला ओढ्याने दिला नाही. पुण्याला वेळ द्यायचा होता तो अंदाजपत्रकाने.

अधिक ११ तास

२६ सप्टेंबरची सकाळ. जिल्हाधिकाऱ्यांनी पुणे शहर, हवेली, भोर, पुरंदर आणि बारामतीच्या शाळा-महाविद्यालयांना सुट्टी जाहीर केली. सुट्टीच्या आदेशातली ही नावं वाचली की तीन वाटांचा नकाशा आपोआप तयार होतो. पंचनामे सुरू झाले. आता कलम ६७ (३) (क) कामाला आलं. गाळ काढायला, जेसीबी लावायला, पडक्या भिंतींचा राडारोडा उचलायला ना निविदा लागली ना मुख्य सभा.

नंतरचे तास

पुरानंतर सभा भरल्या, भाषणं झाली, नाल्यांच्या सर्वेक्षणाचे विषय आले. सर्वांत अवघड प्रश्न निघाला तो भिंतींचा. पडलेल्या अनेक सीमाभिंती सोसायट्यांच्या खासगी जागेत होत्या. तिथे महापालिकेचा निधी खर्च करता येतो का? नियम म्हणतो, नाही. रहिवासी म्हणतात, ओढा तर तुमचा आहे ना, मग त्याच्यापासून संरक्षण आम्ही का विकत घ्यायचं? दोघांचंही बरोबर असल्यामुळे पडक्या भिंती कित्येक पावसाळे तशाच राहिल्या. २४ जून २०२१ ला मात्र ओढ्यावर जेसीबी आले. कारवाई झाली ती दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांवर, भर पावसाळ्यात आणि करोनाच्या काळात, आणि न्यायालयाने ती थांबवली. दोनदा पाण्यात गेलेली तीच वस्ती. ओढा अरुंद करण्यात झोपड्यांचा वाटा होताच. पण हातोडा कुठून सुरू करायचा हे ठरवताना नकाशा वरून खाली वाचला गेला नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच मुख्य सभा झाले. वर्गीकरणाला ओरडणारंही कुणी उरलं नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. या वेळी पाणी खडकवासल्याचं आणि मुठेचं.

आणि २५ मे २०२५ ला पाळी आली ती पणदऱ्याच्या स्वतःच्या कालव्याची. मोसमी पाऊस मे महिन्यातच आला, आणि बारामतीजवळ पिंपळी-लिमटेकला नीरा डावा कालवा फुटला, पालखी महामार्गावर आणि शेतांत पाणी पसरलं. इंग्रजी अमदानीतला हा मातीचा कालवा. त्याचं अस्तरीकरण करावं, गळती थांबवावी, यासाठी निधीची बोलणी होतात तेव्हा बारामती-इंदापूरचे शेतकरीच विरोधाला उभे राहतात. कारणही खोटं नाही: कालव्याच्या पाझरावर काठच्या विहिरी चालतात, विहिरींवर ऊस, आणि ऊस गेला तर माळेगाव आणि सोमेश्वर साखर कारखान्यांच्या सभासदाने गाळपाला काय घालायचं? पाझर हवा तर भराव कच्चा राहणार, भराव पक्का केला तर विहिरी आटणार. यावर कोणत्याही सभेत एकमताने ‘मंजूर’ होईल असं आज तरी दिसत नाही.